डिरेक्टरी सर्व्हरची भोकं: कशी शोधायची, कशी बुजवायची

सकाळी दहाला फोन सुरू होतात. कुणाचा मेल उघडत नाही, कुणाला व्हीपीएन लागत नाही, वायफाय पासवर्ड घेत नाही, हजेरीचं पोर्टल नाव ओळखत नाही. चार खात्यांच्या चार तक्रारी, पण मूळ एकच: कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची स्लॅपडी नावाची प्रक्रिया, म्हणजे ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरचा चालता प्रोग्रॅम, पहाटे कधीतरी मेली आहे. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि हक्क एका जागी ठेवणारा सर्व्हर. तो चालू असतो तेव्हा त्याची कुणी आठवण काढत नाही. तो पडतो तेव्हा सगळं ऑफिस पडतं.

हा लेख अशा सर्व्हरची जबाबदारी अंगावर पडलेल्यांसाठी आहे. कॉलेज, कारखाना, पतसंस्था, छोटी सॉफ्टवेअर कंपनी, कुठलंही ठिकाण असो. एलडॅप ही डिरेक्टरीशी बोलायची ठरलेली भाषा. भर ओपनएलडॅपवर, म्हणजे ती बोलणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर आहे, कारण आपल्याकडच्या लिनक्स सर्व्हरांवर तोच जास्त दिसतो. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (हे दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं नाव) आणि मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ओघात येतील.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा भेटेल. डिरेक्टरी कुणी सहसा नव्याने उभी करत नाही. जुन्या मशीनवरून नव्यावर, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीत ती उचलून आणली जाते. भाड्याचं घर बदलताना जुन्या घरातले बंद डबे न उघडताच टेम्पोत चढवतो, तसंच हे. मी पाहिलेली बरीचशी भोकं या डब्यांतून आलेली होती.

आधी मोजा

तुमच्याकडे डिरेक्टरी सर्व्हर किती, असं विचारलं की उत्तर येतं ‘एक’. मोजायला बसलं की तीन निघतात. मेल सर्व्हरच्या पेटीत एक दडलेला असतो, कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टचा चाचणी सर्व्हर अजून चालू असतो, आणि व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरच्या पोटात स्वतःचा वेगळा असतो.

हा शेवटचा प्रकार २०२० साली चांगलाच गाजला. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमडीआयआर नावाची डिरेक्टरी सेवा असते. एप्रिल २०२० मध्ये तिच्यातली सीव्हीई-२०२०-३९५२ ही त्रुटी जाहीर झाली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा क्रमांक). गांभीर्याचे गुण १० पैकी १०. डिरेक्टरीच्या पोर्टपर्यंत, म्हणजे ती ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकते तिथवर, पोचू शकणाऱ्या माणसाला पासवर्डशिवाय स्वतःसाठी अ‍ॅडमिन खातं बनवता येत होतं. गंमत पुढे आहे. ६.७ आवृत्ती ज्यांनी कोरी बसवली होती, त्यांना या त्रुटीची बाधा नव्हती. जे ६.० किंवा ६.५ वरून अपग्रेड करून ६.७ वर आले होते, तेच उघडे पडले. पुन्हा तो डबाच!

म्हणून पहिलं काम: आपल्या नेटवर्कच्या सगळ्या पट्ट्यांवर एनमॅप हे पोर्ट तपासणारं साधन चालवा आणि ३८९ व ६३६ ही पोर्ट कुठे उघडी आहेत ते बघा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर ३२६८ आणि ३२६९ सुद्धा. प्रत्येक उत्तरासमोर मशीनचं नाव, सॉफ्टवेअर, आवृत्ती आणि मालक कोण हे लिहा. मालकाचा रकाना रिकामा राहिला, तर त्या मशीनपासूनच सुरुवात करा.

मग बाहेरून डोकावा

हेच स्कॅन ऑफिसबाहेरून, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवरून किंवा भाड्याच्या क्लाउड मशीनवरून, आपल्या सार्वजनिक पत्त्यावर करा. स्वतःच्याच पत्त्यांवर करा, आणि वरिष्ठांच्या लेखी परवानगीने. डिरेक्टरीचं कुठलंही पोर्ट इंटरनेटला दिसण्याचं कारण जवळजवळ कधीच नसतं. बाहेरच्या अ‍ॅपला डिरेक्टरी लागत असेल तर व्हीपीएन आहे, ठरावीक पत्त्यांची यादी आहे.

यूडीपी ३८९ (यूडीपी म्हणजे आधी जोडणी न करता निरोप पाठवायची पद्धत, टीसीपीत जोडणी आधी होते) वेगळं तपासा, कारण एनमॅप नेहमीच्या टीसीपी स्कॅनमध्ये ते बघत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या पोर्टवर कनेक्शनशिवाय उत्तर देते. हल्लेखोर दुसऱ्याच्या नावाने छोटा प्रश्न पाठवतो आणि ५६ ते ७० पट मोठं उत्तर त्या बिचाऱ्याच्या अंगावर जाऊन पडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडने सेकंदाला २.३ टेराबिटचा हल्ला झेलला, तो याच युक्तीचा होता. तुमचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे ही डिरेक्टरी चालवणारं मशीन, इंटरनेटवर उघडा असेल तर तोही अशा हल्ल्यात नकळत सामील होतो. ओपनएलडॅप यूडीपीवर ऐकत नाही, तशी सोय मुद्दाम घालून कंपाइल केलेली असेल तरच ऐकतो.

आवृत्तीचा आकडा फसवतो

आता नेमका आजार शोधू. बरेच जण स्लॅपडीची आवृत्ती विचारतात, ती त्रुटींच्या यादीशी ताडतात आणि घाबरतात. किंवा उलट, निर्धास्त होतात. दोन्ही चूक.

डेबियन, उबंटू, रेड हॅट यांसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) आवृत्ती गोठवलेली असते आणि सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, नव्या आवृत्तीतून मागे आणून तिच्यावर लावले जातात. उबंटू २०.०४ मध्ये ओपनएलडॅप २.४.४९ होता. सीव्हीई-२०२०-२५६९२ ही त्रुटी मूळ प्रकल्पाने २.४.५५ मध्ये दुरुस्त केली. आकडे ताडले तर उबंटू नापास होतं. प्रत्यक्षात तो पॅच त्यांनी २.४.४९ वरच लावून दिला होता. त्यामुळे आकड्यावर न जाता पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, उघडा आणि त्यात सीव्हीई क्रमांक शोधा. आरपीएमवाल्यांसाठी आरपीएम कमांडलाच चेंजलॉग मागता येतो, डेबियन-उबंटूवर एपीटीला. विकत घेतलेला स्कॅनर केवळ आकडा बघून लाल खुणांचा ढीग टाकत असेल, तर ऑडिटरसमोर हाच चेंजलॉग ठेवायचा.

खरी भीती वेगळी आहे. कुणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी सोर्स उतरवून हाताने कंपाइल केलेला सर्व्हर यूएसआर-लोकल या फोल्डरखाली बसलेला असतो. त्याला कुठलंही वितरण पॅच देत नाही आणि पॅकेजच्या यादीत तो दिसतही नाही. म्हणून पॅकेज काय सांगतं यावर न थांबता, चालू असलेली प्रक्रिया नेमक्या कुठल्या फाइलमधून सुरू झाली आहे ते बघा.

ओपनएलडॅपची २.४ ही मालिका मूळ प्रकल्पाने बंद केली आहे. २०२१ मध्ये २.५ आली. आज २.४ वर असाल तर तुमचं वितरण पॅच देतं आहे तोवरच तुमचं चालेल. ते वितरणही संपलं असेल, तर पुढचा स्थलांतराचा भाग तुमच्यासाठी आहे.

गुण बघून धावू नका

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. सीव्हीई-२०२२-२९१५५ चे गुण ९.८. ओपनएलडॅपच्या बॅक-एसक्यूएल या भागात शोधाच्या फिल्टरमधून (शोधाच्या अटींमधून) एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या कमांडी, घुसवता येत होतं. ऐकूनच घाम फुटतो. पण बॅक-एसक्यूएल हा प्रायोगिक भाग आहे, डेटा सरळ एमडीबीमध्ये (ओपनएलडॅपचा नेहमीचा डेटाबेस प्रकार) ठेवणाऱ्या सर्व्हरला त्याचा स्पर्शही नाही. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, डेटाबेसचा प्रकार बघा. एमडीबी असेल तर या त्रुटीसाठी रात्र जागवू नका.

उलट मघाची सीव्हीई-२०२०-२५६९२. गुण कमी, कारण डेटा चोरीला जात नाही, सर्व्हर फक्त पडतो. पण कसा? एंट्रीचं, म्हणजे डिरेक्टरीतल्या एका नोंदीचं, नाव बदलण्याची एक विचित्र विनंती पाठवायची, लॉगिन न करता. बस्स. पोर्टपर्यंत पोचणारा कुणीही, अगदी पाहुण्यांच्या वायफायवर बसलेला पोरगाही, तुमचं सगळं ऑफिस बसवू शकत होता. सीव्हीई-२०२०-१२२४३ मध्ये एकात एक गुंफलेल्या अटींचा फिल्टर दिला की स्लॅपडी कोसळायचा. सीव्हीई-२०१७-९२८७ मध्ये पानापानाने निकाल मागायचा आणि पानाचा आकार शून्य सांगायचा. तेवढ्यानेही तो कोसळायचा.

माझ्या मते डिरेक्टरीच्या बाबतीत ‘फक्त पडतो’ हा प्रकार ‘मध्यम’ धरणं ही चूक आहे. नवी त्रुटी जाहीर झाली की मी एवढं बघतो: तो भाग माझ्या कॉन्फिगमध्ये चालू आहे का, हल्ल्याला लॉगिन लागतं का, आणि लॉगिन लागत नसेल तर पोर्टपर्यंत कोण कोण पोचतं. तिसऱ्याचं उत्तर ‘सगळे’ असेल तर पॅच त्याच रात्री. पॅच यायला वेळ असेल तर निदान फायरवॉलने पोर्ट फक्त अ‍ॅप सर्व्हरांपुरतं उघडं ठेवा. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीला सांगून प्रक्रिया पडल्यावर आपोआप उठवता येते, पण सोबत सूचना यायची व्यवस्थाही करा. नाहीतर दिवसातून तीस वेळा पडून उठतोय हे कुणाला कळतच नाही.

पॅच जिथे पोचत नाही: कॉन्फिग

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पॅच सॉफ्टवेअर बदलतो, तुमचे नियम बदलत नाही.

डेबियनचंच उदाहरण घ्या. तिथल्या पॅकेजमध्ये २.४.२३-३ पासून २.४.३९-१.१ पर्यंत मुळातल्या नियमांत एक ओळ होती: कुणालाही स्वतःच्या एंट्रीतलं काहीही बदलता येईल. फोन नंबर बदलण्यापुरतं ते ठीक. पण त्याच एंट्रीत लिनक्सचा यूआयडी क्रमांकही असतो, आणि शून्य हा क्रमांक रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वा खात्याचा असतो. कुणी आपला क्रमांक स्वतःच शून्य करून घेतला, आणि एखाद्या मशीनने डिरेक्टरीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तर गडी थेट रूट! याला सीव्हीई-२०१४-९७१३ हा क्रमांक मिळाला, पॅकेज दुरुस्त झालं. पण ती दुरुस्ती नव्याने बसवणाऱ्यांसाठी होती. आधीपासून चालू असलेल्या डेटाबेसमधली ओळ हाताने काढायची होती. ती न काढलेले सर्व्हर आजही सापडतील, कारण तेच नियम पुढच्या प्रत्येक मशीनवर उचलून नेले गेले.

तपासणी तीन वेषांत करा. आधी अनोळखी म्हणून: एलडॅपसर्च या शोधाच्या कमांडला नाव-पासवर्ड काहीच न देता संपूर्ण झाड, म्हणजे सगळ्या नोंदी, मागा. ओपनएलडॅपमध्ये एकही नियम लिहिलेला नसेल तर मूळ धोरण ‘सर्वांना वाचू द्या’ असंच आहे. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्येही अनोळखी प्रवेश मुळात चालू असतो, तो बंद करता येतो किंवा फक्त मूळ माहितीपुरता ठेवता येतो. सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं, मेल आणि मोबाइल नंबर समोर ओतले गेले, तर फसवणुकीचे मेल पाठवणाऱ्याला आयती यादी मिळाली म्हणायची.

मग साधा कर्मचारी म्हणून लॉगिन करा आणि दुसऱ्या कुणाचं पासवर्डचं अ‍ॅट्रिब्यूट मागा. हॅश, म्हणजे पासवर्डचं गुंतवलेलं रूप, दिसला तर नियमांचा क्रम बघा. ओपनएलडॅप नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जुळला की थांबतो. ‘सर्व काही सर्वांना वाचू द्या’ ही ओळ वर आणि पासवर्डची खास ओळ खाली असेल, तर खालची ओळ असून नसल्यासारखी. पासवर्डच्या नियमात स्वतःला बदलण्याचा हक्क, अनोळखीला फक्त पडताळणीपुरता वापर आणि बाकी सर्वांना काहीच नाही, एवढंच असावं, आणि तो सगळ्यांत वर असावा.

तिसरा वेष: तोच साधा कर्मचारी, पण आता लिहायला बघा. स्वतःचा यूआयडी, ग्रुप क्रमांक, होम डिरेक्टरी आणि लॉगिन शेल बदलायचा प्रयत्न करा. चाचणी खात्यावर करा, खऱ्यावर नको.

आता रिकाम्या पासवर्डचा किस्सा, जो मला स्वतःला सगळ्यांत घातक वाटतो. एलडॅपच्या मानकात असं आहे की नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर ती विनंती अनोळखी बाइंड (बाइंड म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन) समजता येते आणि सर्व्हर ‘यशस्वी’ असं उत्तर देऊ शकतो. सर्व्हरच्या लेखी त्याचा अर्थ ‘तू अनोळखी आहेस, ये’. पण घाईत लिहिलेलं अ‍ॅप फक्त ‘यशस्वी’ हा शब्द बघतं आणि त्या नावाच्या माणसाला आत घेतं. म्हणजे मुख्याध्यापकांचं नाव टाका, पासवर्ड रिकामा सोडा, आत शिरा. ओपनएलडॅप आणि ३८९ हे असं बाइंड मुळातच नाकारतात. कुणी ‘अ‍ॅप चालत नव्हतं म्हणून’ ते चालू करून ठेवलं आहे का ते बघा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मात्र ते स्वीकारत आली आहे. नाकारण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१९ पासून मिळते, तीही आपण चालू करावी लागते. अ‍ॅप लिहिणाऱ्याला सांगा की रिकामा पासवर्ड सर्व्हरपर्यंत पाठवूच नये. आणि वापरकर्त्याने टाकलेलं नाव फिल्टरमध्ये घालण्याआधी तारका, दोन्ही कंस, उलटी तिरकी रेघ आणि शून्य बाइट यांना नियमाप्रमाणे एस्केप करून घ्यावं, म्हणजे ती साधी अक्षरं ठरतील, नाहीतर नावाच्या जागी नुसती तारका टाकून कुणीही खेळ करेल.

तारकेवरून आठवलं. सीव्हीई-२०२१-३६५२ ही ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमधली त्रुटी. लिनक्सच्या शॅडो फाइलमध्ये पासवर्डच्या जागी तारका म्हणजे हे खातं बंद, इथे लॉगिन नाही. तीच फाइल स्क्रिप्टने डिरेक्टरीत चढवली की क्रिप्ट प्रकारचा, तारका असलेला हॅश तयार होतो. ३८९ च्या सदोष आवृत्त्यांत त्याचा अर्थ उलटा व्हायचा: कुठलाही पासवर्ड टाका, जुळतो. बंद खात्याला सताड उघडं दार. पॅच लावाच, पण असे हॅश शोधून काढूनही टाका. एलडीआयएफ फाइलमध्ये (डिरेक्टरीतल्या नोंदींची मजकूर-फाइल) पासवर्डचं मूल्य बहुधा बेस६४ या सांकेतिक रूपात असतं, त्यामुळे तारका थेट शोधून सापडत नाही, आधी उलगडून घ्यावं लागतं.

पासवर्ड तारेवर उघडा जातोय का

साधा बाइंड म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा पाठवणं. टीएलएस म्हणजे वाहतूक एनक्रिप्ट करायची पद्धत. ३८९ पोर्टवर स्टार्ट-टीएलएस किंवा ६३६ वर टीएलएस, यातलं एक हवंच. ओपनएलडॅपमध्ये एनक्रिप्शनशिवाय साधा बाइंड नाकारायचा नियम लावता येतो. लावा. मात्र क्लायंट चुकीचा असेल तर सर्व्हरने ‘नाही’ म्हणेपर्यंत पासवर्ड तारेवरून जाऊन चुकलेला असतो. म्हणून खरी दुरुस्ती क्लायंटकडे. तिथे आणखी एक जुनी खोड सापडते: प्रमाणपत्र जुळत नव्हतं म्हणून कुणीतरी पडताळणी ‘कधीच नको’ अशी करून ठेवलेली असते. मग टीएलएस असूनही मधला माणूस सगळं वाचतो. आपल्याच संस्थेचं रूट प्रमाणपत्र प्रत्येक मशीनवर ठेवणं कंटाळवाणं आहे, पण त्याला इलाज नाही.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवाल्यांनी इव्हेंट २८८७ आणि २८८९ बघावेत. पहिला सांगतो दिवसभरात सहीशिवाय (मधे बदल झाला नाही याची खूण नसलेले) किती बाइंड झाले, दुसरा सांगतो कुठल्या पत्त्यावरून. ते क्लायंट दुरुस्त केल्याशिवाय सहीची सक्ती करू नका, नाहीतर पहिला बळी स्कॅन करून मेल पाठवणाऱ्या झेरॉक्स मशीनचा जातो. तसंच १० डिसेंबर २०२४ चे पॅच लागले आहेत याची खात्री करा. त्यातल्या सीव्हीई-२०२४-४९११३ मध्ये डोमेन कंट्रोलर स्वतःच हल्लेखोराच्या सर्व्हरकडे क्लायंट म्हणून जायचा आणि तिथून आलेल्या उत्तराने कोसळायचा. फक्त आत येणारी वाहतूक अडवून ते थांबत नव्हतं. डोमेन कंट्रोलरला इंटरनेटवर बाहेर जायची मोकळीक कशाला, हा प्रश्न त्यानिमित्ताने विचारून घ्या.

स्थलांतराची रात्र

वितरणाचा साधा पॅच असेल तर काम सोपं आहे. आधी रेप्लिकावर, म्हणजे डिरेक्टरीच्या जोडप्रतीवर, लावा, दोन दिवस बघा, मग मुख्य सर्व्हरवर. पॅकेज स्लॅपडीला पुन्हा सुरू करतं, पण एलडॅपची लायब्ररी वापरणारे मेल सर्व्हर, एसएसएसडी (लिनक्सवर डिरेक्टरीतून लॉगिन करून देणारी सेवा) वगैरे जुनीच प्रत स्मृतीत धरून बसतात. त्यांनाही पुन्हा सुरू करा.

२.४ वरून २.५ किंवा २.६ वर जाताना मात्र सांभाळून. नव्या मालिकेतून बीडीबी आणि एचडीबी हे जुने डेटाबेस प्रकार काढून टाकले आहेत. म्हणजे आधी अपग्रेड केलं आणि मग डेटा काढायला गेलात, तर नवा स्लॅपकॅट (डेटा मजकूर-फाइलमध्ये काढणारी कमांड) जुन्या फाइली उघडू शकत नाही. म्हणून जुनं सॉफ्टवेअर जिवंत असतानाच स्लॅपकॅटने दोन फाइली काढा: शून्य क्रमांकाच्या डेटाबेसमधून कॉन्फिग आणि एक क्रमांकापासून पुढचा डेटा. त्या दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवा.

कॉन्फिगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा प्रकार एमडीबी करा. पासवर्ड धोरणाचा पीपॉलिसी स्कीमा (नोंदींच्या रचनेची व्याख्या) तिथे वेगळा जोडलेला असेल तर काढा, २.५ मध्ये तो आतच आला आहे आणि दोन्ही असले की सर्व्हर अडून बसतो. एमडीबीची कमाल मर्यादा ठरवा. न सांगितल्यास ती जेमतेम १० एमबी असते आणि डेटा चढवताना मध्येच ‘नकाशा भरला’ अशी तक्रार येते. एक जीबी ठेवायला काही हरकत नाही, तेवढी जागा लगेच खाल्ली जात नाही. नियमांच्या ओळी हाताने, एकेक वाचून न्या. डबे उघडायची हीच वेळ.

मग नव्या मशीनवर स्लॅपअ‍ॅडने (डेटा परत चढवणारी कमांड) आधी कॉन्फिग, नंतर डेटा. स्लॅपअ‍ॅड रूट म्हणून चालवला तर तयार झालेल्या फाइलींचा मालक रूट होतो, आणि स्लॅपडी मात्र आपल्या साध्या खात्याने चालतो. त्याला त्या उघडत नाहीत, एररही धड समजत नाही. माझी एक अख्खी रात्र या एका गोष्टीपायी गेली आहे. पहाटे चारला मालकी बदलणारी एक कमांड दिली आणि सर्व्हर उठला. तेव्हापासून ती कमांड मी कागदावर सगळ्यांत वर लिहून ठेवतो.

सर्व्हर उठला की मघाची तीन वेषांतली तपासणी पुन्हा करा, नंतरच क्लायंट वळवा.

लॉग

डेबियन-उबंटूच्या पॅकेजमध्ये लॉगची पातळी मुळात इतकी कमी असते की जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही. ती ‘स्टॅट्स’ करा. मग प्रत्येक जोडणी, बाइंड आणि शोध दिसू लागतो. ४९ क्रमांकाची एरर म्हणजे चुकीचं नाव किंवा पासवर्ड. एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या नावांनी तिची रांग लागली की कुणीतरी पासवर्ड चाचपतंय. भारतात संस्थांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस देशातच ठेवावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉगच नसेल तर त्या ६ तासांत कळवणार काय? शिवाय लॉग त्याच मशीनवर ठेवू नका, दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा.

एक शेवटचं काम उरतं, ते बहुतेक जण विसरतात. स्थलांतरासाठी काढलेल्या त्या स्लॅपकॅटच्या फाइली आठवताहेत? त्यात सगळ्यांचे पासवर्ड हॅश आहेत, आणि त्या होम डिरेक्टरीत, टेम्पमध्ये, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर पडलेल्या असतात. एक प्रत एनक्रिप्ट करून ठेवा. बाकीच्या शोधून पुसा.